सेटल मुलगा

"मला क्लास नको, मॅडम. एका शब्दाचा अर्थ पायजे फक्त."

ओतूरच्या एसटी स्टँडसमोर, खतांच्या दुकानावरच्या खोलीत हर्षाली इंग्रजी बोलण्याचे वर्ग घ्यायची. पोरी नुकत्याच घरी गेल्या होत्या, ती फळा पुसत होती, आणि दारात हा उभा... तिशीला टेकलेला, इस्त्रीचा पांढरा शर्ट भुरभुर पावसात भिजून खांद्याला चिकटलेला.

"कुठला शब्द?"

"सेटल."

तिला हसू येणार होतं, पण त्याचा चेहरा पाहून आलं नाही. त्याचं नाव भरत, गाव बेल्हे. घरी तो आणि आई. रानात टोमॅटो-कांदा, गोठ्यात दोन गाई. त्या दुपारी तो ओतूरला मुलगी बघायला आला होता. चहा झाल्यावर मुलीचे मामा म्हणाले, मुलगा चांगला आहे, पण सेटल नाही. हे ऐकायची त्याची सातवी वेळ होती.

"सेटल होणं म्हणजे एका जागी स्थायिक होणं," हर्षाली म्हणाली.

"मग आमी पाच पिढ्या त्याच रानात हाय. आमच्यापेक्षा सेटल कोण?"

तिनं कपाटातून जाडजूड शब्दकोश काढला आणि त्याला बसायला सांगितलं. त्या एका क्रियापदानं अर्धं पान अडवलं होतं. भांडण मिटवणं म्हणजे सेटल. गढूळ पाण्यातला गाळ तळाशी बसणं, तेही सेटल. पाखरानं फांदीवर टेकणं, उडालेली धूळ खाली बसणं, बावरलेलं मन थाऱ्यावर येणं... ती वाचत गेली, तो ऐकत गेला.

"एवढ्यात नोकरी कुठं हाय?" शेवटी त्यानं विचारलं.

"यात तरी दिसत नाही."

तेव्हा तो पहिल्यांदा हसला. पुढच्या गुरुवारी त्यानं क्लासला नाव घातलं.

पोरी "माय नेम इज" गिरवायच्या आणि भरत दर खेपेला नवीन वाक्य घेऊन यायचा. भावकीचं बांधाचं भांडण सेटल केलं. इथं रिझॉल्व्ह जास्त चांगलं, ती सांगायची. आईचा ताप सेटल झाला. तापाला सबसाइड म्हणतात, भरत. एकदा सगळ्या गेल्यावर तो वही मिटून तसाच बसून राहिला.

"माझं मन काय सेटल होत नाय, मॅडम. त्याला काय म्हणत्यात?"

ती फळ्याकडं वळली. हातातला खडू मोडला.

"त्याला... अजून शिकवलं नाही मी."

"मग कवा शिकवणार?"

"बघू," ती म्हणाली. कानापर्यंत तापली होती ती, आणि हे त्याला पाठमोरंसुद्धा दिसत असणार, हे तिला माहीत होतं.

दिवाळीपर्यंत मॅडमची हर्षा झाली. एका रविवारी मोटारसायकलवरून तो तिला रान दाखवायला घेऊन गेला. त्याची आई झुंबरबाई टोमॅटो तोडत होती. तोडून तोडून तिचे हात हिरवे-काळे झाले होते. तिनं ते चुलीच्या राखेनं घासले, तरी रंग गेला नाही. त्याच हातांनी तिनं भाकरी वाढली आणि "पोरी, लाजू नको," म्हणाली. हर्षालीला ती माया कळली, भाकरीही गोड लागली. पण नजर पुन्हा पुन्हा त्या हातांकडं जात होती.

परतताना वडिलांचा विषय निघाला तेव्हा ती त्याच्या पाठीशी बोलली, "दादांना शेती सांगून चालायचं नाही रे. एखादी नोकरी बघ ना."

त्यानं मोटारसायकलचा वेग कमी केला. मग तो म्हणाला, "बघतो. पण तू माझ्यासंगं उभी राहशील?"

"राहीन."

महिन्याभरात तो चाकणला एका कंपनीत कंत्राटावर लागला. गाई बाजारात विकल्या, रान एकट्या आईवर टाकलं. एका खोलीत सहा जण राहायचे. फोनवर त्याचा आवाज दमलेला यायचा. "शेवग्याला शेंगा लागल्या का, आईला विचारायचं राहिलं बघ," असं काहीबाही बोलायचा.

फेब्रुवारीत तो तिच्या घरी आला. तिचे वडील सोपानराव घोडेगावला पंचायत समितीत कारकून. माणूस सरळ.

"पर्मनंट का?"

"नाय, कंत्राटी हाय."

"मग सेटल कसं म्हणायचं, पाहुणं?"

भरतनं मान वर केली. तोवर सोपानराव लेकीकडं वळले. "हर्षा, मी तुझ्यावर काही लादणार नाही. तुला पसंत असेल तर सांग. तू हो म्हण, मी आडवा येणार नाही."

एवढं सोपं होईल, असं तिला वाटलंच नव्हतं. हो घशापर्यंत आलं. मग झुंबरबाईचे ते हात आठवले, सहा जणांची खोली आठवली, उद्या कंत्राट संपलं तर... ती हातातल्या चहाच्या ट्रेवरची छापील फुलं बघत राहिली.

"तुम्ही ठरवाल ते, दादा."

भरतनं अर्धा चहा खाली ठेवला, हात जोडले आणि निघून गेला.

त्यानंतर त्याचा फोन लागला नाही. अकरा दिवस तिनं कसेबसे काढले. सोमवारी ती बेल्ह्याला गेली, त्या दिवशी जनावरांचा बाजार असतो. गर्दीत तो एका गाईच्या पाठीवरून हात फिरवत उभा होता. नोकरी सोडली होती, पुन्हा गाय घ्यायला आला होता.

"मी चुकले," ती म्हणाली. "आज दादांना सांगते. आत्ता फोन लावते, तुझ्यासमोर."

"नको."

"एवढा राग आलाय?"

"राग नाय गं." त्यानं गाईचा कासरा सैल केला. "कंत्राटाचं ऐकून तुझे वडील कचरले, ते मला पटलं. पण त्यांनी तुला विचारलं, तवा तू माझ्याकडं बघितलंबी नाय. उद्या पाऊस दडी मारंल, टमाटा रस्त्यावर वतावा लागंल. तवाबी तू अशीच खाली बघशील. मला ते बघवायचं नाय, हर्षा."

"नाही बघणार. शपथ."

"आज बघणार नाय. आज तुला वाईट वाटतंय."

ती रडली नाही, त्यानंही समजूत घातली नाही. बाजाराच्या तोंडाशी येऊन त्यानं हात करून एसटी थांबवली, गर्दीतून वाट काढून दिली. "संभाळून जा," एवढंच म्हणाला आणि गाईकडं परतला. व्यापारी तिथं खोळंबला होता.

आळेफाट्याच्या अलीकडं कंडक्टर जवळ आला.

"एक ओतूर," ती म्हणाली.

आवाज खणखणीत निघाला. पुढच्या बाकावरच्या बाईनंसुद्धा मागं वळून पाहिलं. त्या दिवशी दादांसमोर एवढ्याच आवाजाची गरज होती.