खडूतला मासा

२००५ च्या जून महिन्यात आम्ही चौघं कॅन्ससच्या माळरानावर गेलो, ते एका माशाचा जबडा बघायला. मासा मरून साडेआठ कोटी वर्षं झाली होती, त्यामुळे त्याला घाई नव्हती. घाई आमच्या बाबांना होती.

बाबांनी रत्नागिरीच्या कॉलेजात एकतीस वर्षं प्राणिशास्त्र शिकवलं. मुलीचं नाव मीनाक्षी ठेवण्याइतकं माशांचं वेड! दरवर्षी ते फळ्यावर एक मासा काढायचे. झिफॅक्टिनस, लांबी पंधरा फूट, मुक्काम कॅन्सस, जिथे एकेकाळी समुद्र होता आणि त्याच्या तळाचा आता खडू झालाय. ज्या पुस्तकावरून ते चित्र काढत, त्यात माशाचा खालचा जबडा नेमका वाळवीनं खाल्ला होता. तेवढा भाग बाबा अंदाजानं भरायचे आणि दरवर्षी चिडायचे.

ते आणि आई माझ्याकडे अमेरिकेत, हर्नडनला आले, तेव्हा काचबिंदूनं त्यांची नजर नळीतून पाहावं इतकीच उरली होती. डॉक्टरांनी तिलाही फार तर वर्षभराची मुदत दिली. मी म्हटलं, "बाबा, इंटरनेटवर जबडा दाखवते, दोन मिनिटांचं काम आहे."

"उत्तर मागच्या पानावर बघून गणित सोडवायचं नसतं, मीनू," बाबा म्हणाले. "एकतीस वर्षं मी खडूनं मासा काढला. आता खडूतून काढायचाय."

एकोणतीस जूनचं त्यांचं परतीचं विमान होतं. माझ्या ऑफिसातल्या केदारला, म्हणजे आमच्या नागपूरकराला, दगडधोंड्यांचा नाद. त्याच्या ओळखीनं वॉल्टर नावाच्या एका म्हाताऱ्या रँचमालकानं आपल्या जमिनीवर तीन दिवस खणायची परवानगी दिली. अट एकच, मोठं काही सापडलं तर ते गावच्या म्युझियमचं. आम्ही तिघं आणि केदार डेन्व्हरपर्यंत विमानानं गेलो, पुढे भाड्याच्या गाडीनं चार तास. आईनं डेन्व्हरलाच कॅम्पचा गॅस, तांदूळ आणि दह्याचे डबे विकत घेऊन सोबत ठेवले.

ती जागा अजून माझ्या डोळ्यांसमोर आहे. सपाट गवताळ रान चालता चालता एकदम खचायचं आणि खाली पिवळट पांढऱ्या घळी उघड्या पडायच्या, वाऱ्यानं कोरलेल्या, एकीतून दुसरी फुटणाऱ्या. हातात घेतलेला दगड बोटांवर पांढरा उमटायचा आणि बाबा तो हुंगून म्हणायचे, "वर्गाचा वास!" पायाखाली सगळीकडे शिंपल्यांचे तुकडे, आणि समुद्र कुठे तर हजार मैलांवर. आईनं एका घळीत दोन काठ्यांना आपली इरकली साडी बांधून मांडव घातला. त्या सावलीत बसून आम्ही दहीभात खायचो. इतकं सुख मला त्या देशात फार थोड्या वेळा मिळालं.

पण मासा मिळेना! पहिला दिवस गेला, दुसरा गेला. पारा एकशे चार फॅरनहाइटवर. केदार दर तासाला ओरडायचा, "काका, आय ॲम टेलिंग यू, हे बोन आहे!" आणि बाबा हात फिरवून दर तासाला म्हणायचे, "दगड."

तिसऱ्या दिवशी सकाळी आई भांडी घासायला मूठभर भुगा शोधत होती. खडूचा भुगा! ती एकदम थबकली.

"अहो, हा मणका आहे."

"सरला, तुला काय कळतंय त्यातलं?"

"तुम्ही मासे शिकवलेत, मी साफ केलेत. दोन्ही बाजूंनी खळगा आहे. सुरमईचा असतो तसाच, नुसता मोठा."

बाबांनी मणका बोटांत फिरवला. दोनदा फिरवला. मग गुडघ्यांवर बसून ते त्याच्या पुढचा चाचपू लागले.

मणक्यांची रांग कडेच्या दरडीत शिरत होती. केदारनं कपारीत हात घातला मात्र, आतून खडखडाट झाला!

"स्नेक! मागे व्हा!"

साप फूटभर अंतरावर शेपटीचा खुळखुळा वाजवत होता. केदार दगडासारखा उभा. मी लांब काठीनं वाळू उडवली. साप सळसळत दुसऱ्या कपारीत गेला. "बाप्पा रे!" एवढंच केदारच्या तोंडून निघालं.

नंतर दुपारपर्यंत आम्ही चौघांनी टोचण्या आणि रंगाचे ब्रश चालवले. कवटी दिसू लागली, माझ्या हाताएवढी लांब. डोळ्याची खोबण आली. वरचे दात आले. खालच्या जबड्यावर मात्र अजून बोटभर खडू होता.

तेवढ्यात वारा फिरला. बाबांनीच ओळखलं. "पाऊस आहे, मीनू. मोठा आहे." पश्चिमेला काळा ढग जमिनीला टेकला होता. भिजला की हा खडू घसरतो, आणि कवटी दरडीच्या अगदी कडेला होती. प्लास्टरमध्ये गुंडाळून तिला उचलायला हवं होतं.

केदार गाडीकडे पळाला आणि रडवेला होऊन परत आला. प्लास्टरची पिशवी त्यानं आइसबॉक्सला टेकवून ठेवली होती. बर्फाचं पाणी गळलं होतं. पिशवीचा दगड झाला होता!

"सॉरी काका, माय मिस्टेक! संपलं सगळं."

"संपलं काय?" आई उठली. "भात आहे ना. पाणी घालून घोट, मऊ खळ होईल. आणि साडी फाडा." टर्र! तिनंच मांडवाची साडी ओढून पहिली पट्टी फाडली. मी बघतच राहिले तेव्हा म्हणाली, "रोजची आहे ग ती, बघतेस काय?"

खळ तयार झाली. मला मात्र एकच दिसत होतं. अर्धा तास खरवडलं असतं, तर जबडा उघडा पडला असता. मग गुंडाळायला वेळ उरला नसता.

"बाबा, आधी तुम्ही बघून घ्या," मी म्हणाले. "मासा गेला तर गेला!" मी ते मनापासून म्हणाले होते. आजही त्याची मला लाज वाटत नाही.

बाबांनी त्या बोटभर खडूवर तळहात ठेवला. क्षणभरच.

"साडेआठ कोटी वर्षं टिकलाय. माझ्या अर्ध्या तासासाठी मोडायचा? झाका."

आम्ही झाकला. पट्टीवर पट्टी, खळीवर खळ. त्या उन्हात आणि वाऱ्यात पट्ट्या भराभर कडक झाल्या. खालून कोरलं, उलटवलं, उरलेल्या साडीची झोळी केली. पहिले थेंब पडले. केदार पुढे, मी मागे. पाय घसरत होते! आई बाबांचा हात धरून चढत होती. गाडीचं दार लावलं आणि खाली धाडकन आवाज झाला. आम्ही बसलो होतो ती दरड घळीत गेली होती.

म्युझियममध्ये गठडं सोपवलं. त्यांच्याकडे कामाची रांग मोठी होती. एकोणतीसला बाबा परत गेले, जबडा न बघता. विमानतळावर ते हसत होते, मी रडत होते.

२००७ च्या शेवटी म्युझियमनं जबड्याची प्लास्टरची हुबेहूब प्रतिकृती पाठवली. सोबत चिठ्ठी होती: "पूर्वी हाडं शोधणारे भाताचीच खळ वापरत. तुम्ही कुठे शिकलात? कापडाचा काठ फार सुंदर आहे." प्रतिकृती घेऊन मी रत्नागिरीला गेले. बाबांना तोवर खिडकी कुठे आहे, एवढंच कळत होतं.

त्यांनी ती मांडीवर घेतली. बोटं दातांवरून गेली, हनुवटीशी पोचली आणि थांबली.

"अगं, हा तोंड वर करून आहे! आणि एकतीस वर्षं मी याला खाली बघायला लावलं!"

ते हसले, मग रडले. मग म्हणाले, "खडू दे."

वॉल्टरला विचारून आणलेला तिथला एक तुकडा माझ्या पर्समध्ये होता. बाबा खाली बसले आणि चाचपत चाचपत खिडकीखालच्या फरशीवर त्यांनी मासा काढला. शेपूट कपाटाखाली गेली, पण जबडा नेमका होता.

आई ओलं फडकं घेऊन आली आणि दारातच थांबली. फरशीवर कण पडला तरी न खपणारी माझी आई! तेव्हापासून ती तेवढ्या जागेला वळसा घालून पुसते. बाबांना आता खिडकीही कळत नाही. रोज सकाळी त्यांच्या हातात चहा देताना ती सांगते, "आहे हो तुमचा मासा. जागेवर आहे."