दाक्षायणीचं उघडं राहिलेलं पान

ही घडलेली गोष्ट आहे. विद्यापीठाचं नाव मी सांगणार नाही. तिथे अजून मुलं शिकतात, त्यांना घाबरवायची माझी इच्छा नाही. उत्तर कर्नाटकातलं आहे, एवढं पुरे.

मे महिन्यातला गुरुवार. दुपारचे साडेतीन. रात्र नव्हती, बाहेर लख्ख ऊन होतं.

मी तिथल्या ग्रंथालयात संगणकांचा कक्ष सांभाळायचो. बत्तीस जागा. प्रत्येक जागी एक पडदा आणि कंपासपेटीएवढा डबा. त्या डब्यात काहीही साठत नाही. नव्या मुलांना मी समजावायचो, "हा नुसता फळा. धडा मास्तरांच्या डोक्यात." मास्तर म्हणजे तळमजल्यावरचा सर्व्हर. सगळ्यांचं लिखाण त्याच्यात.

आमच्या मुलांना एक खोड होती. उठताना रीतसर लॉगआउट करून बाहेर पडायचंच नाही. नुसता पडदा बंद करायचा आणि पळायचं. मग दुसऱ्या दिवशी पान जसंच्या तसं उघडं मिळायचं.

त्या गुरुवारी पाच वाजता जुना सर्व्हर कायमचा बंद होणार होता. बंगळूरचा माणूस तिथूनच बंद करणार होता. जतन न केलेलं सगळं जाणार. म्हणून आत कोण कोण राहिलंय, ती यादी मी उघडली.

इतक्या वर्षांत पहिल्यांदाच.

तेवीस नावं. प्रत्येकापुढे शेवटची कळ कधी दाबली, ते लिहिलेलं. अकरा दिवसांपूर्वी. चाळीस दिवसांपूर्वी. एकेकाचं काम जतन करत मी बावीस नावं मिटवली.

आणि नऊ नंबरच्या जागेवर...

दाक्षायणी हूगार. शेवटची कळ : आत्ता.

दाक्षायणी मागच्या श्रावणात तापाने गेली होती.

मला तिचे वडील आठवले. ईरप्पा. गावच्या देवळासमोर फुलं विकायचे. तीनदा येऊन गेले होते. मुलगी गावच्या जुन्या विहिरींवर प्रबंध लिहीत होती. सगळी माहिती तिच्या अज्जीच्या, म्हणजे ईरप्पांच्या आईच्या, तोंडची. "लेकीचं लिहिलेलं एक पान तरी द्या, सर," म्हणायचे. मी जतन केलेल्या कागदांत शोधायचो आणि नाही म्हणायचो. उघडी राहिलेली पानं बघावीत, हे मला एकदाही सुचलं नव्हतं.

"फकीरप्पा, नऊ नंबरवर कोण बसलंय?"

फकीरप्पा आमचा शिपाई. जाळीच्या दारापाशी शेंगा सोलत होता.

"कोण बसणार, सर? सुट्टीत इथे दोनच भुतं. एक तुम्ही, एक मी."

मी उठलो. सगळ्या पडद्यांवर कापडी खोळी होत्या.

नऊ नंबरची खोळ मात्र...

नीट घडी करून बाजूला ठेवलेली.

मी पडदा सुरू केला. प्रबंध उघडा होता. एकसष्टावं पान. कळफलकावर धुळीचा थर होता. एकही कळ हलत नव्हती.

आणि पानावर...

अक्षरं उमटत होती. एकामागून एक. मधेच थांबून, दोन खोडून, पुन्हा पुढे. विचार करत लिहिणाऱ्या मुलीसारखी.

फकीरप्पा मागे येऊन उभा राहिला होता. त्याच्या मुठीतल्या शेंगा खाली सांडल्या.

"सर, चला इथून. चष्मा पुसून बघितलंत तरी हे असंच दिसणार."

खुर्चीत बसायचं धाडस मला झालं नाही. उभ्याउभ्याच जतन करायची कळ दाबली. चौकट आली... आणि आपोआप मिटली. पुन्हा दाबली. पुन्हा मिटली.

मी ईरप्पांना फोन लावला. जे दिसत होतं, तेच सांगितलं.

पलीकडे देवळाची घंटा ऐकू येत होती.

"ती अर्धवट काम कुणाला दाखवायची नाही, सर. लहानपणापासून तशीच." मग हळूच म्हणाले, "तिला विचारा ना... अजून किती वेळ लागेल?"

मी बंगळूरला फोन केला. "एक तास द्या हो."

"कशासाठी, सर? यादीत तर कुणीच दिसत नाही मला," तो माणूस म्हणाला. "पाच म्हणजे पाच."

मग मी धुळीने भरलेल्या कळफलकावर बोटं टेकवून तिच्या पानावरच लिहिलं, "दाक्षायणी, पाचला बंद होणार. तुझ्या अप्पांना पानं हवी आहेत."

माझी ओळ शेवटाकडून एकेक अक्षर खोडली गेली.

लिहिणं पुन्हा सुरू झालं. आता भराभर. खोडाखोड नाही.

बासष्ट. त्रेसष्ट. चौसष्ट.

चार वाजून एकोणसाठ मिनिटांनी मी पुन्हा कळ दाबली. या वेळी चौकट मिटली नाही. पानं माझ्या पेनड्राइव्हवर उतरली.

पाच वाजता पडदा काळा झाला.

शनिवारी ईरप्पा आले. मी छापलेली चौसष्ट पानं त्यांच्या हातात दिली. ते ओळीखाली बोट धरून वाचत होते. एकसष्टाव्या पानापर्यंत डोळे पुसत होते. पुढच्या पानावर त्यांचं बोट थांबलं.

"सर, ही देवळामागच्या विहिरीची गोष्ट. ही आईने कुणालाच सांगितली नव्हती."

"नातीला सांगितली असेल."

"नाही हो. आई शिमग्यात गेली. जायच्या रात्री माझा हात धरून मला एकट्याला सांगितली. तेव्हा दाक्षायणीला जाऊन सात महिने झाले होते."

चौसष्टाव्या पानावरचं शेवटचं वाक्य अर्धवट होतं : "त्या विहिरीत उतरलेली ती बाई वर आली, तेव्हा तिच्या कडेवर..."

"माफ करा, ईरप्पा," मी म्हणालो. "पाच वाजले म्हणून तुटलं. मी थोडं आधी यादी बघितली असती तर..."

त्यांनी पानं छातीशी धरली.

"तुमचा दोष नाही, सर. आईचा श्वाससुद्धा इथेच थांबला होता."

ते बसस्टँडकडे गेले. मी दारात उभा राहिलो.

त्यांनी मला दोषातून मोकळं केलं. मी मात्र अजून मोकळा झालेलो नाही. अज्जी थांबली म्हणून दाक्षायणी तिथे थांबली, की मी तिला वाक्याच्या मधेच उठवलं... हे मला आजही कळलेलं नाही.