दिवस मावळल्यावर वाढलेलं ताट

अल्पनाने हे मला सामायिकाहून, म्हणजे जैनांच्या ध्यानाच्या बैठकीवरून, उठल्यावर सांगितलं. त्या आसनावरून उठलेली बाई खोटं कशाला बोलेल?

गेल्या मार्गशीर्षातली गोष्ट. अक्कलकुव्याला, हायवेच्या कडेला तिच्या वडिलांचं कापडाचं दुकान आहे. मागे घर.

आई, प्यारीबाई, दिवाळीनंतर गेली.

आईचा चौविहार होता. सूर्यास्तानंतर अन्न नाही, पाण्याचा घोटही नाही. स्वतः घ्यायचं नाही आणि घरात कुणाला वाढायचंही नाही. "पोटाला थांबायला शिकवलं की बाकी सगळं आपोआप शिकतं," असं लेकीला सांगायची. शेवटच्या दिवशी ओठ कोरडे पडलेले. नर्सने चमचा पुढे केला. आईने खिडकीबाहेरचा अंधार पाहिला आणि मान फिरवली.

महिन्याभराने भावाचा, मयंकचा, सुरतहून फोन आला. "ताई, बापूजी अर्धे झालेत. विचारलं की म्हणतात, जेवलो. तू जाऊन बघ ना."

अल्पना शहाद्याहून निघाली.

बापूजींचा सदरा खांद्यावरून घसरत होता. दुपारी तिने ताट वाढलं, तर त्यांनी हात लावला नाही.

"मी संध्याकाळी जेवतो."

"संध्याकाळी? कोण वाढतं?"

बापूजींनी ताट बाजूला सरकवलं.

तिने स्वयंपाकघर पाहिलं. पिठाचा डबा भरलेला. डाळींना जाळी धरलेली.

पण मांडणीवर एक ताट... ओलं.

तिचा संशय दिवलीबाईवर गेला. कामवाली. हीच संध्याकाळी रिकामं ताट वाढून म्हाताऱ्याला फसवत असेल.

"ताई, मी त चार वाजताच घर चालनी जास," दिवलीबाई फणकारली. "ताट कोन धुस, माले काय माहीत? तुमनी माय बी मन्हा मागेच लागे, आते तुमी!"

त्या संध्याकाळी अल्पनाने तिला स्वतः फाटकाबाहेर सोडलं. कडी लावली. मागचं दारही पाहिलं... बंद.

सूर्य बुडाला. ती बैठकीत माळ घेऊन बसली. समोर बापूजी.

आत पाट सरकला.

माळ थांबली.

मग ताट टेकल्याचा आवाज... वाटीचा... बांगड्यांचा.

फोडणीचा वास मात्र नाही. कसलाच वास नाही.

बापूजी उठले. चेहरा उजळलेला. "चल. वाढलंय."

आणि आतून हाक आली...

"अल्पना, तूही ये गं. गरम आहे."

आईचाच आवाज. 'गं' लांबवायची तिची तीच सवय. अल्पनाचे डोळे भरले. ती उठलीसुद्धा.

दोन पावलं गेली आणि तिची नजर खिडकीकडे गेली.

बाहेर अंधार होता.

तिने बापूजींचा हात घट्ट धरला. "नाही जायचं."

"अगं, तुझी आई आहे."

"आई? दिवस मावळल्यावर जेवायला बोलावेल आई?"

बापूजींचं पाऊल अडलं.

"माझ्याबरोबर म्हणा बापूजी. आजपासून सूर्यास्तानंतर मला अन्नपाण्याचा त्याग."

त्यांनी एकदा स्वयंपाकघराच्या दाराकडे पाहिलं. मग हात जोडले. एकेक शब्द म्हटला.

आत शांतता.

नंतर नळ सुरू झाला... कुणीतरी सावकाश ताट घासलं. विसळलं. मांडणीवर ठेवलं.

पुन्हा काही नाही.

नवकार मंत्र म्हणत अल्पना आत गेली. शेगडी थंडगार. ताटावरून पाणी निथळत होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी दहालाच बापूजींनी भाकरी मागितली. दोन खाल्ल्या. ती त्यांना शहाद्याला घेऊन आली. आता तब्येत छान आहे. सगळे म्हणतात, आईच्या शिकवणीने बाप वाचवला.

अल्पनाला ते ऐकवत नाही.

कारण परवा जेवता जेवता बापूजी म्हणाले, "ती गेल्यावर दिवसा मला घास उतरेना. म्हणून ती यायची."

"ताटात काय असायचं?"

"आठवत नाही. वाढताना रडायची मात्र. म्हणायची, तुमच्यासाठी जन्माचा नियम मोडलाय मी, आता तरी चार घास खा."

अल्पनाच्या हातातली पळी तशीच राहिली.

तिला अजून झोप नाही. त्या संध्याकाळी आलेली हाक आईची नव्हतीच, असं ती स्वतःला सांगते. बापूजींना पुढे काही विचारत नाही.

विचारलं, आणि ती आईच होती असं त्यांनी सांगितलं तर?