चंद्रभागेचं 'बस'

धारूरच्या बाजारात चंद्रभागेने दोरखंडाचं टोक धरून ओढलं, तर पलीकडूनही कुणीतरी ओढलं. बघते तर दुसरं टोक एका उंच, हसऱ्या गड्याच्या हातात.

"वढून बघा की," तो म्हणाला. "तुटला तर माजा, टिकला तर तुमचा."

"आन दोघांनीबी सोडला न्हाई तर?"

"मंग... मलाबी दोरासंगं घिऊन चला."

आणि गंमत म्हणजे तिने नेलंच. आप्पांची नजर गेल्यापासून विहिरी खोदणाऱ्या टोळीची मुकादमी लेकीकडे आली होती. निजाम सरकारच्या हुकमाने पालीला विहीर खणायची होती, दोरावर भरवशाचा माणूस हवा होता. तो काठावर दोर धरून उभा राहिला. उत्तरेश्वर त्याचं नाव.

मुकादमीण गड्यांबरोबर तळाशी. तिने "वढ" म्हटलं की दगडांची पाटी वर, "बस" म्हटलं की दोर जागच्या जागी. त्या एका शब्दावर खालचे सगळे जीव.

"तुमी बस म्हनलात की मला वाटतं, अहोजाहो सोडून जवळ बसाया बोलवताव," भाकरी खाताना तो म्हणायचा.

"इहिरीत?"

"बोलवा तर खरं..."

तेव्हा तो तिच्या ओठांकडे असा टक लावून बघायचा, की तिचा घास हातातच राहायचा. पहिला नवरा इतक्या लहानपणी गेला की तिला त्याचा चेहराही आठवत नव्हता. आता दसऱ्याला उत्तरेश्वराशी पाट लावून द्यावा, असं आप्पाही बोलून गेले होते. चंद्रभागेचे पाय जमिनीवर ठरत नव्हते.

मग एक दिवस, तळाशी धुरळा दाटलेला असताना, तिने "बस" म्हटलं आणि पाटी वर जातच राहिली. कडेला आपटून कलंडली, दगड खाली पाटी भरणाऱ्या म्हाळूच्या खांद्याला घासून गेला. म्हाळूचं नशीब, डोकं वाचलं.

"वारं लई होतं," उत्तरेश्वर वरून म्हणाला. वारा कसला, लिंबाचं पान हलत नव्हतं.

संध्याकाळी तो हातपाय धूत असताना ती मागे जाऊन उभी राहिली. "उत्तरेश्वर..." हळूच म्हणाली. मग मोठ्याने. त्याने मान वळवली नाही. आधीच्या विहिरींवरच्या सुरुंगांनी त्याचे कान नेले होते. तिच्या ओठांवरची ती नजर कशासाठी होती, हे तिला तेव्हा कळलं.

"काम सरलं म्हन आन वाटंला लाव," तिच्याकडून सगळं ऐकून आप्पा म्हणाले. "झाकून जाईल."

"झाकलं तर दुसऱ्या इहिरीवर दोर धरतील ते, आप्पा. तितंबी खाली मानसंच असत्याल."

सकाळी, टोळी यायच्या आधी, तिने त्याला लिंबाजवळ गाठलं. स्वतः उन्हाकडे तोंड करून उभी राहिली, ओठ त्याला नीट दिसावेत म्हणून.

"आजपासनं दोरावर तुमी न्हाई. तुमच्या हातात खोट न्हाई, कान गेलेत. आप्पांबिगर कुनापुढं बोलले न्हाई, बोलनारबी न्हाई. पन दोर देनार न्हाई. दगड घडवायचं काम हाय, त्ये करा."

त्याने तिच्या ओल्या गालांकडे बघितलं. "मंग रडताव कावून?"

"मुकादमीन न्हाई रडत. मी रडते."

"पैल्यांदा ओठ बघायचो त्ये ऐकाया," तो म्हणाला. "मंग... बघायचीच गोडी लागली. सांगितलं तर दोर जाईल, दोरासंगं तुमीबी जाताल, म्हनून झाकलं. तुमी खाली असताना झाकलं म्या. आता कुठल्या तोंडानं हितं ऱ्हाऊ?"

"मी ऱ्हावा म्हनते म्हनून."

त्याने तिच्या तोंडाकडे डोळे भरून बघितलं आणि नाही म्हणून मान हलवली. घोंगडी खांद्यावर टाकून तो धारूरच्या वाटेला लागला.

धावत जाऊन समोर उभं राहता आलं असतं. पण त्याने सगळं समजूनच नाही म्हटलं होतं, आता त्याला अडवणं तिच्या जिवावर आलं.

"बस," ती म्हणाली. दोरासाठी नव्हे. अहोजाहो सोडून, आपल्या माणसाला म्हणावं तसं. मग पुन्हा म्हणाली, विहिरीच्या तळापर्यंत घुमावं इतक्या मोठ्याने.

बांधावरची मेंढरं दचकून थांबली. तो पाठमोरा चालत राहिला.