तिसऱ्या मजल्यावरचं भोक

ही घटना शंभर टक्के खरी आहे. साक्षीला चौदा माणसं आहेत.

त्यातली अकरा तेव्हा झोपलेली होती.

ठिकाण, अक्कलकुव्याबाहेर चाललेलं एका वसतिगृहाचं बांधकाम. तारीख, गेल्या वर्षीची तेरा मे. अमावस्या वगैरे काही नव्हती. दुपारचा सव्वा वाजला होता, जेवणाची सुट्टी होती आणि ऊन असं, की भुतानेही सावली शोधावी.

पौलस गवंडी लिंबाखाली पडला होता. माणूस नवापूरकडचा, ख्रिस्ती. भुताखेतांशी त्याचं घेणंदेणं नव्हतं. त्याला भीती होती ती एका भोकाची. तिसऱ्या मजल्यावर लिफ्टसाठी सोडलेलं, माणूस सहज जाईल एवढं. कडेला ना कठडा, ना दोरी. पौलस रोज संध्याकाळी त्यावर फळ्या टाकायचा. रोज सकाळी स्लॅबचे साचे बांधणारे सेंट्रिंगवाले त्या उचलून न्यायचे, कारण साइटवर फळ्या तेवढ्याच.

आणि त्याची बायको एस्तेर डोक्यावर घमेलं घेऊन तिथूनच ये-जा करायची. घमेलं डोक्यावर असलं की पायाखालचं दिसत नाही.

मार्चमध्ये धडगावकडचा करमसिंग सुतार त्याच भोकातून खाली गेला होता. जागीच संपला. साइट इंजिनिअर हेमकांतसाहेबांनी अहवालात कारण लिहिलं, ‘स्वतःचा निष्काळजीपणा’. हेल्मेटं तेव्हाही ऑफिसात कुलपात होती. नवीकोरी.

तर, सव्वा वाजता वरून आवाज आला.

ठक... ठक... ठक...

कोणीतरी खिळे ठोकत होतं.

पौलसने माणसं मोजली. सगळी खाली होती.

एस्तेर सोडून...

तो जिना चढत सुटला. पहिल्या मजल्यावर पोहोचला आणि आवाज थांबला.

तिसऱ्यावर एस्तेर भोकाच्या पलीकडे उभी होती. धडधाकट.

“असा काय धापा टाकतोस? शेवटचं घमेलं टाकून आले. फळ्या ठोकून बसवल्यास ते बरं केलंस. मी त्यावरूनच गेले.”

“मी नाही ठोकल्या.”

“मग काय तुझ्या हेमकांतसाहेबाने?” ती हसली.

पौलस वाकला. एकूणएक खिळा डावीकडे वाकवलेला...

साइटवर डावखुरा सुतार एकच होता. मार्चपर्यंत.

हेमकांतसाहेब आले आणि भडकले.

“या फळ्या कोनी ठोक्यात रे? मन्हा स्लॅब थांबी गया ना भो!”

“साहेब, नुसती जाळी तरी लावा,” पौलस म्हणाला.

“तपासनी येई तवय लावसूत.”

फळ्या उपटल्या. दुसऱ्या दिवशी, सव्वा वाजता... पुन्हा ठोकलेल्या. तिसऱ्या दिवशीही.

चौथ्या दिवशी साहेब स्वतःच्या जीपने भगताला घेऊन आले. कोंबडं, नारळ, लिंबू, सगळं तासाभरात हजर. कठड्याची मागणी तीन महिने पडून होती.

त्या दिवसापासून ठकठक बंद.

भोक उघडं.

पौलस आता सुट्टीत जेवत नाही. एस्तेर वर असली की नुसता कान लावून बसतो... वरून काहीच येत नाही. एकदा तर त्याने हळूच हाकही मारली, “करमसिंगभाऊ...”

काहीच नाही.

शेवटी वैतागून तो ऑफिसात गेला. “साहेब, ती लिफ्ट तरी लवकर बसवा. भोक बुजेल.”

हेमकांतसाहेबांनी फाईल काढली, दोनदा चाळली.

इमारतीला लिफ्ट मंजूरच नव्हती.