बंद तोंडाची जात

एकोणऐंशी सालच्या मे महिन्यात चंद्रकांता वसईजवळच्या उमेळ्याला राहायला आली, ती गोगलगायींसाठी. शास्त्रात वसईच्या दोन जाती नोंदलेल्या होत्या. एक उघड्या तोंडाची, पावसाळ्यात केळीच्या बुंध्यांवर फिरणारी. दुसरी बंद तोंडाची. तिच्या शंखाच्या तोंडावर पांढरं, कडक झाकण असे. या दुसरीला नाव दिलं होतं चंद्रकांताच्या मार्गदर्शकांनी, नरहरी सरांनी. आपल्या दिवंगत पत्नीचं, द्वारकाबाईंचं.

चंद्रकांताला खात्री होती की जात एकच आहे. उन्हाळा लागला की तोच प्राणी आत सरकतो आणि अंगच्या चिकट रसानं दार लिंपून घेतो, इतकंच. पण हे सिद्ध झालं, की द्वारकाबाईंचं नाव शास्त्रातून कायमचं पुसलं जाणार होतं.

"पुरावा आणा," सर म्हणाले होते. "मग मी स्वतः खोडतो." बोलताना त्यांनी तिच्याकडे पाहिलं नव्हतं.

मार्गारेटमावशींच्या घरामागची खोली तिनं भाड्यानं घेतली. खोलीपलीकडे केळीची वाडी आणि वाडीला पाणी पुरवणारं बावखल, गोड्या पाण्याचं लहानसं तळं. उन्हानं त्याचं पाणी तळाशी गेलं होतं. त्याच्या काठच्या दगडांतून बंद शंख काढून तिनं काचेच्या बरण्यांत ठेवले. एकाचं झाकण सुईनं उचकटलं. सकाळी शंख पुन्हा बंद. नवा पापुद्रा मात्र जरा आत, आणि जाड. तिनं तोही काढला. आतल्या जिवानं आणखी आत जाऊन तिसरा घातला.

"उघडून काय भेटतं, बाय?" मावशींनी दारातून विचारलं.

"आतला जीव बघायचाय, मावशी."

"त्याला दाखवायचाय का पन?"

चंद्रकांता हसली. मावशी हसल्या नाहीत.

शेवटी तिनं तो शंख फोडला. थेट शेंड्यापर्यंत पापुद्र्यामागे पापुद्रे होते. जीव कुठेच नव्हता. मग तिनं स्वतःला समजावलं, वाळून गेला असेल, आणि संध्याकाळी दोन्ही जाती एकच असल्याचा निष्कर्ष टाइप करायला घेतला.

दुसऱ्या दिवशी खिडकी उघडेना. लाकूड फुगलं असेल, असं वाटलं. पण मे महिन्यात लाकूड फुगत नाही. जोर लावून एक झडप आत ओढली, तर गजांवर कांद्याच्या पातीसारखी पातळ साल ताणलेली. कोणीतरी बाहेरून चिकटवली असणार. ती फाडून तिनं उजेडात धरली. बाहेरची बाजू कोरडी, धुळकट होती. आतली ओली होती. बोटांना चिकटत होती.

ती वळून सामान भरू लागली. दुपारच्या गाडीनं परत जायचं, असं तिनं ठरवलं.

कडी काढून दार आत ओढलं. चौकटीत ओटा नव्हता, वाडी नव्हती. वरपासून खालपर्यंत पांढरा पडदा होता, वाळलेल्या चामड्यासारखा. सुरी त्यावरून घसरली. तिनं मुठींनी बडवलं. आवाज जागच्या जागी विरला. मागे वळून पाहिलं तर खिडकीही पुन्हा पांढरी झालेली.

"मावशी!"

बराच वेळ कोणी आलं नाही. मग बाहेर पावलं वाजली.

"बाय, आतून काय लावलंस हे?" मावशींचा आवाज होता. मग त्यांनी नवऱ्याला हाक मारली, "हिलरी, कोयता आन!"

"मी काही लावलं नाही!" ती ओरडली.

"आयकलंस?" मावशी हिलरीला म्हणाल्या. "खोली एवढीशी. आन् आवाज किती लांबून येतो."

कोयत्याचा पहिला घाव पडला. पडद्याला बारीक चीर गेली आणि उन्हाची एक रेघ आत आली.

ती रेघ तिच्या पायावर पडली. पाऊल भाजल्यासारखं तिनं मागे घेतलं.

"नको," ती म्हणाली. मग मोठ्यानं, "उघडू नका!"

दुसरा घाव.

ती मागे सरकली. पाठीला टेबल लागायला हवं होतं. लागलं नाही. त्यामागे भिंत असायला हवी होती.

तीही नव्हती. जमीन ओलसर, गार लागत होती. बरं वाटत होतं.

ती अजून थोडी आत गेली. ओल्या तळव्यांनी समोरचा काळोख लिंपू लागली.