ताईच्या स्लाइडचा प्रिंट

विश्वास ठेवा अगर ठेवू नका, पण हे माझ्या बाबतीत घडलंय. तेही रात्री नाही, रविवारी भरदुपारी, आमच्या बाथरूममध्ये.

ताई गेल्यावर आईने एकच हट्ट धरला. तिचा हसरा फोटो भिंतीवर हवा. तसा एकच होता, मी काढलेली रंगीत स्लाइड, म्हणजे उजेडात धरून बघायची पारदर्शक फिल्म. एरवी कॅमेरा दिसला की ताई तोंडासमोर हात धरायची.

खिडकीला काळं कापड ठोकून मी फिल्मवरचं चित्र मोठं करून कागदावर पाडणारा एन्लार्जर मांडला. स्लाइडचे प्रिंट काढायचा कागद लाल दिव्यातही खराब होतो, म्हणून सगळं काम मिट्ट काळोखात. तो कागद आता मिळतही नाही. माझ्याकडे शेवटची काही पानं होती.

पहिला प्रिंट रसायनाच्या बंद ड्रममधून धुऊन बाहेर काढला...

ताईच्या चेहऱ्यावर काळा डाग.

या कागदावर जिथे उजेड अडतो, तिथे काळं येतं. धूळ असणार. स्लाइड पुसली, लेन्स पुसली, पुन्हा प्रिंट काढला.

डाग मोठा झाला होता.

डोकंच फिरलं. त्यात बायको दार वाजवून विचारत होती, आज कुणाच्या आंघोळी होणार आहेत की नाही. मी तिच्यावरच खेकसलो.

पुढच्या वेळी एन्लार्जरचा उजेड पडला तेव्हा कागदावरून नजर हलवली नाही. ताईचा चेहरा लख्ख दिसत होता. मध्ये काहीही नव्हतं.

प्रिंट धुतला...

डागाला बोटं होती.

आता एकच पान उरलं. खरंतर घाबरायला हवं होतं, पण मला आला संताप. आई रोज आशेने विचारते आणि हिचं आपलं भलतंच. जिवंतपणी कमी छळलं का?

काळोखातच ओरडलो, "ताई, पुरे झालं. हात काढ."

कानाशी कुणीतरी श्वास सोडला...

दाराची कडी आतून लावलेली होती.

शेवटचा प्रिंट स्वच्छ आला. ओलाच घेऊन आईकडे धावलो.

तिने चष्मा लावला. फोटो डोळ्यांजवळ धरला.

"तू हिला रागावलास का रे?"

मी फोटो नीट पाहिला. ताई हसत नव्हती. रडू आवरताना धरायची तसा खालचा ओठ दाताखाली धरला होता.

स्लाइड मी अजून उजेडात धरून बघतो. तिच्यात ताई हसतेय.

आईने फोटो भिंतीवर लावलाच नाही, उशाशी ठेवलाय. आणि ताईची समजूत काढायला माझ्याकडे एकही पान उरलेलं नाही.